ओल्या गाठीचे पाटणकर सर

पाटणकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात. सर तिथल्या टूलरूमचे प्रमुख, मी नवा शिकाऊ. जेवणाच्या सुट्टीत ते मायक्रोमीटरने नायलॉनचा धागा मोजत बसले होते. मला वाटले, साहेबांचे काहीतरी बिनसले आहे.

तो धागा फ्लाय फिशिंगच्या लीडरचा होता. मासे धरण्याच्या या प्रकारात गळाला पिसांची हलकी, खोटी माशी बांधतात. जाड दोरी आणि ही माशी यांना जोडणारा पारदर्शक धागा म्हणजे लीडर. दोरीकडे जाड, माशीकडे बारीक होत गेलेला. बाजारात तो तयार मिळतो, पण सर कमी कमी जाडीचे तुकडे गाठींनी जोडून स्वतः बांधत. रिळावर छापलेल्या जाडीवर त्यांचा काडीचा विश्वास नसे. कोणी लीडर मागितला की आधी विचारत, पाणी कुठले, वारा केवढा. मग त्याला गच्चीवर नेऊन दोन-चार वेळा दोरी फेकायला लावत आणि त्याचा हात बघून तुकड्यांची लांबी ठरवत. राऊपासून खजरान्यापर्यंत अनेकांकडे त्यांच्या हातचे लीडर आहेत. स्वतः सर मात्र पक्के शाकाहारी. धरलेला मासा पाण्यातच सोडून देत. काकू म्हणत, आमच्याकडे मासा फक्त गप्पांत शिजतो.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, हा सरांचा पहिला नियम. कोरडी आवळली तर धागा घासून कमजोर होतो. नर्मदेवर एकदा मी घाईत कोरडीच आवळली, तीही वरच्या जाड भागात. मोठा महासीर लागला आणि गाठीखालचा सगळा धागा घेऊन गेला. मी हळहळत होतो. सर म्हणाले, "मछली गई उसका कुछ नहीं भिया, पण तीन हात धागा तोंडात घेऊन ती जगणार कशी?" त्या दिवशी त्यांनी पुन्हा दोरी टाकली नाही. पुढच्या रविवारी मात्र माझ्या घरी येऊन त्यांनी माझ्याकडून वीस गाठी बांधून घेतल्या. तुटायचेच तर माशीजवळ तुटावे, म्हणून सगळ्यात नाजूक तुकडा शेवटी कसा लावायचा, तेही शिकवले.

दोन वर्षांपासून सरांची बोटे थरथरतात. बारीक गाठ जमत नाही, आणि दुसऱ्याने बांधलेल्या लीडरवर मासा धरायचा नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून नदी सुटली. आम्ही शिष्य जातो, पण सर मागे उभे आहेत का, हे वळून बघायची सवय जात नाही. सर इंदुरातच आहेत, तरी मला त्यांची फार आठवण येते.

गेले सहा महिने मी दर रविवारी त्यांच्यासाठी एक लीडर बांधून नेतो. सर तो दाराच्या कडीला अडकवून ओढतात. एखादी गाठ सुटते, मग चहा होतो आणि मी परत येतो. गेल्या रविवारी एकही सुटली नाही. सरांनी पुन्हा ओढून पाहिले, प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवला. मी विचारले, येणार ना? दर वेळेसारखे ते नको म्हणाले नाहीत.

"पाणी उतरू दे, मग बघू," एवढेच म्हणाले.

सरांना आता पंचाहत्तरावे लागले आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, ही आपणा सर्वांचीच इच्छा. मी थोडे जास्त मागतो. पाणी लवकर उतरावे, सरांनी माझ्या गाठींवर मासा धरावा, आणि गाठ तुटलीच तर नदीकाठी सर्वांदेखत मला रागवावे. त्यांचे रागावणे ऐकून दोन वर्षे झाली.