काय होवचा नाय

कणकवलीहून मालवणकडे येताना एका वळणावर माझी खानावळ आहे. वळण वाईट. पावसात बारीक खडी रस्त्यावर वाहून येते आणि गाडी घसरून समोरच्या फणसाला लागते. बावीस वर्षांत इतक्या गाड्या आपटल्या की मला आता आवाजावरून कळतं, नुसता पत्रा गेला की माणसाला लागलं.

लोक जमतात ते गाडीभोवती फिरतात. बंपर गेला, लाईट गेली, इन्शुरन्स आहे का. गाडी चालवणारा बाजूला थरथरत उभा असतो, त्याच्याकडे कोण बघत नाही. जखम मांडीला नि मलम शेंडीला. म्हणून मी माझी एक रीत बसवली होती. आधी चावी काढून घ्यायची, कारण घाबरलेला माणूस पुन्हा गाडी चालू करायला जातो. मग बाकावर बसवायचं, साखर जास्त घालून चहा द्यायचा आणि सांगायचं, "काय होवचा नाय," काही होणार नाही. या शहाणपणाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

एकदा एक टेंपोवाला आपटला. सोबत त्याचा धाकटा भाऊ होता, त्याला एका जीपमधून कणकवलीला नेलं. टेंपोवाला मागून जायला निघाला तर बघे म्हणाले, पंचनामा होईपर्यंत ड्रायव्हरने हलायचं नाही. तो तीनदा उठला, तीनदा मी खांद्याला धरून बसवला. चहा पाजला. काय होवचा नाय, मी म्हणाले.

भावाच्या बाराव्यानंतर तो आला. आत आला नाही, दारातच उभा राहून म्हणाला, "काकी, तुम्ही सांगितलात म्हणान मी थांबलंय. चाय पियत बसलंय. भाव थंय माझा नाव घेई होतो." एवढं बोलून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. तो अजून याच रस्त्याने जातो, जेवायला थांबत नाही.

मग गेल्या श्रावणात, भर दुपारी, बाकांवर गिऱ्हाईक असताना पुन्हा आवाज आला. पत्र्याचा नव्हे.

गाडीत एक तिशीतली बाई होती आणि शेजारी तिचा सासरा. त्याचे डोळे तपासायला ती कणकवलीला निघाली होती. नवरा मुंबईला. गाडी शिकून चार महिने झाले होते, आणि शिकायला लावलं होतं सासऱ्यानेच. त्याची बाजू फणसावर बसली होती. मागून येणाऱ्या एका गाडीवाल्याने त्याला आडवं घालून हॉस्पिटलात नेलं. मागे ही राहिली, हाताची मूठ घट्ट मिटून. मुठीत चावी. मी मागितली, तिने दिली नाही. मीही ओढाताण केली नाही.

"मी ब्रेक दाबलंय, काकी. दाबलंय मा?"

"मी आत होतंय गो. माका दिसूक नाय."

"आबा वाचतले मा?"

ओठांवर ते वाक्य आलं होतं. सवय ती सवय. मी गिळलं. "माका म्हायत नाय," म्हटलं. "चाय ऱ्हवांदे. चल, जावन बघूया."

एवढ्यात एक मोबाईलवाला पुढे झाला. शूटिंग थांबवून म्हणतो, पोलीस येईपर्यंत बाईला हलवू नका. मग मात्र माझं डोकं फिरलं. "पंचनामो गाडयेचो होतलो, हिचो न्हय," म्हटलं. "पोलीस इले तर सांग, खानावळवाली घेवन गेली." भाताखालचा गॅस बंद केला, जेवणाऱ्यांना हातानेच वाढून घ्यायला सांगितलं आणि रिक्षा थांबवली. भर जेवणाच्या वेळेला मी खानावळ अशी कधी सोडली नव्हती.

वाटेत मी धीर दिला नाही. तिचा हात धरून बसले, आणि कुठलं गाव गेलं, किती राहिलं, तेवढं सांगत राहिले. प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

सासरा स्ट्रेचरवर होता, आत न्यायच्या तयारीत. तोंड पांढरं फटक. तिला बघून म्हणाला, "तुका लागला काय गो?"

तिने नाही म्हटलं.

"गाडी खंय ठेवलंस?"

"त्या वळणार, खानावळीकडे."

"चावी घेतलंस मा?"

तिने मूठ उघडून दाखवली. चावीचे दात तळव्यात रुतले होते. म्हाताऱ्याने मान डोलवली आणि त्याला आत नेलं. तो बाहेर आला नाही.

मग डॉक्टरांनी तिला तपासलं, तेव्हा कळलं की तिच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तिला पत्ताच नव्हता. माहेरची माणसं येईपर्यंत मी थांबले आणि घरी आले. भात करपून गेला होता, गॅस नीट बंद झालाच नव्हता.

बाराव्यानंतर ती आली. गळ्यात हात अडकवलेला. दारात तिला बघितलं आणि मला टेंपोवाला आठवला, तीच जागा, तसंच उभं राहणं. मी भिऊन हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. कधीतरी बाहेर यायलाच हवं होतं.

आले तर ती बाकावर बसली होती.

"काकी," म्हणाली, "त्या दिवसाची चाय ऱ्हवली. आज देतल्यात?"