लॉरीचं इंजिन आणि आक्कांचं माहेर

बाबू मिस्त्रीकडे पत्र्याचा एक डबा होता. गाडी खोलून परत जोडली की चार-दोन नट उरायचेच, ते तो त्या डब्यात टाकायचा. "कुठल्या गाडीचे रे हे?" असं विचारलं की म्हणायचा, "ज्या गाडीला ह्यांची गरज न्हवती, तिचे!" अण्णा वकिलांच्या मोटारीचे किस्से माझ्याकडे असेच उरलेत. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे जुळवताना माझा अजून गोंधळ होतो. पण चार माणसं जमली की डबा उपडा होतोच.

मी तेव्हा बेळगावात ड्रॉइंग मास्तर होतो आणि अण्णांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि विलायतेहून सुटे भाग यायचे बंद झाले होते.

*

अण्णांची मोटार कापडी टपाची होती, कॅम्पातल्या, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. अण्णा-आक्कांना मूलबाळ नव्हतं. आक्कांची भाची सुमन शाळेसाठी सहा वर्षं त्यांच्याकडेच राहिली, आणि आक्कांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शाळा संपल्यावर तिला निपाणीला पोचवायला सगळे मोटारीनं निघाले. माहेर दोन मैलांवर आलं आणि गाडी बसली. शेवटी बैल जोडून ओढत दारात नेली.

आक्कांचा धाकटा भाऊ, सुमनचा बाप बाळू, तंबाखूचा मोठा व्यापारी, वखारीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दाजी, पेट्रोल कुठलं घालतासा? कडबा का पेंड?"

अख्खी वखार हसली. आक्का मात्र हसल्या नाहीत. "बाळू, ही गाडी बैलाबिगर तुझ्या दारात यील, तवाच मीबी यीन!"

चार वर्षं आक्कांनी माहेरचा उंबरा पाहिला नाही. मग पत्र आलं. तुळशीच्या लग्नानंतर सुमनचं लग्न होतं, आणि खाली सुमनच्या अक्षरात एक ओळ होती: "आत्या, तू आली नाहीस तर मी अंतरपाटामागे उभीच राहणार नाही."

अण्णा म्हणाले, "भाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं जाऊया की!"

"शब्द सर्व्हिस मोटारीचा दिलेला न्हाय," आक्का म्हणाल्या आणि पत्र घेऊन आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी बाबू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, बराच वेळ ठेवलं.

"अण्णा, इंजन कामातनं गेलंय. दुसरं घालाय पायजे. बाकी गाडी एकदम झकास हाय."

"बाकी म्हणजे काय राहिलं रे?"

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. "हॉर्न, अण्णा. हॉर्न लई बेस हाय!"

*

नवं इंजिन मिळणं शक्य नव्हतं, मिळालं असतं तरी अण्णांनी घेतलं नसतं. स्वस्तात तीन इंजिनं नजरेत होती. खानापूरच्या भातगिरणीतलं ऑइल इंजिन, कॅम्पातल्या पाद्रीसाहेबाच्या छोट्या गाडीचं इंजिन आणि संकेश्वरला आंब्याच्या झाडावर आदळलेल्या लॉरीचं इंजिन.

रोज संध्याकाळी ओसरीवर बैठक बसायची. वडगावहून आप्पा यायचे. त्यांच्या घरी चार माग होते आणि मोटारीशी त्यांचा संबंध धूळ खाण्यापुरता होता. पण अण्णा त्यांना विचारल्याशिवाय धोतरसुद्धा घेत नसत.

"आप्पा, कुठलं घालूया?"

"गिरणीचं चांगलं हाय की." सुपारी कातरत आप्पा थोडं थांबायचे. "पण पाद्र्याचंबी वाईट न्हवं. आता लॉरीचं म्हणशीला, तर तेबी इंजनच हाय!"

मला ड्रॉइंग पेपरवर तक्ता करायला सांगितला. चांगले गुण निळ्या शाईनं, दोष तांबड्या शाईनं. दोन महिन्यांत इतकी खाडाखोड झाली की तिन्ही इंजिनं जांभळी दिसायला लागली. अण्णा तक्ता कधी उभा धरायचे, कधी आडवा. "मास्तर, काल हे जिंकत होतं ना?" मलाही आठवायचं नाही.

*

शेवटी प्रत्यक्ष बघूया म्हणून आम्ही खानापूरला गेलो. गिरणीच्या मालकानं कौतुकानं इंजिन चालू केलं. भिंती हादरल्या, आढ्यावरची कबुतरं उडाली, अण्णांची टोपी कोंड्यात पडली. पण इंजिन एका लयीत चालू होतं. अण्णा खूश झाले. मालकाच्या कानाशी जाऊन ओरडले, "ताकद भरपूर आहे! पण मागं जाईल काय?"

"मागं? वकीलसाहेब, तांदळाचं परत भात कुणाला करून पायजे?"

*

मग पाद्रीसाहेबाचं इंजिन. मिस्त्रीनं आमच्या गाडीतली जागा मोजली. तो टेपला हात लावत नसे, सगळं वितीनं मोजायचा. "चार ईत जागा हाय बघा." कॅम्पात जायच्या दिवशी त्याला ताप आला, म्हणून अण्णा स्वतः गेले. इंजिन मोजलं, बरोबर चार वीत! आनंदानं बैलगाडीत घालून घरी आणलं.

ते आत गेलंच नाही. मिस्त्रीनं चार बाजूंनी चार प्रकारे ढकलून पाहिलं. मग काहीतरी सुचून तो अण्णांजवळ गेला आणि आपला पंजा त्यांच्या पंजाला लावला. अण्णा सहा फुटी, मिस्त्री त्यांच्या खांद्याखाली! अण्णांची वीत त्याच्या वितीपेक्षा तीन बोटं लांब भरली.

आप्पा दोन्ही पंजांकडे बघून म्हणाले, "ह्याचाबी हात चांगला हाय. पण अण्णांचाबी वाईट न्हवं!"

पाद्रीसाहेबानं हसत इंजिन परत घेतलं. त्या दिवसापासून मला माझी फूटपट्टी घेऊन बसवायला लागले.

*

दिवाळी आठवड्यावर आली. ओसरीवर पुन्हा तोच तक्ता आणि तोच वाद. इतके महिने आक्का चहा देऊन आत जायच्या. त्या दिवशी दारातच थांबल्या.

"एक विचारू काय? ह्यातलं कुठलं घाट चढतंय?"

सगळे तक्त्यावर वाकले. पाच महिन्यांत हा रकाना तक्त्यात घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं! बेळगाव-निपाणी वाटेवर घाट आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. पण गाडी तिथून न्यायची आहे, हे बहुतेक विसरलो होतो.

"लॉरीचं चढंल, आक्का," मिस्त्री हळूच म्हणाला.

"मग लॉरीचं घाला." आक्का रिकामे कप उचलून आत गेल्या.

*

लॉरीचं इंजिन बसलं. म्हणजे बॉनेट बसत नव्हतं, ते काथ्यानं बांधलं. वजनामुळे गाडीचं नाक खाली गेलं आणि मागचा भाग वर उचलला. मिस्त्रीनं उपाय काढला: मागं वजन पाहिजे. मला बसवून बघितलं, नाक हललं नाही. आप्पांना शेजारी बसवलं, किंचित हललं. शेवटी आक्का रुखवताची ट्रंक घेऊन बसल्या तेव्हा गाडी सरळ झाली.

"आता कुणी उतरायचं न्हाय!" मिस्त्री म्हणाला. "निपाणीपातूर असंच बसायचं!"

*

आणि तसेच निघालो. पुढं अण्णा चालवायला, शेजारी मिस्त्री, मागं आम्ही तिघं आणि ट्रंक. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. शिंगं रंगवलेले दोन बैल बाळूनं मुद्दाम दारात बांधून ठेवलेत, हे आम्हाला संकेश्वरात कळलं. आक्कांनी फक्त पदर घट्ट केला.

चढ सगळा संपला आणि तवंदीच्या घाटाचा उतार सुरू व्हायच्या तोंडाशी इंजिनानं एक आचका दिला आणि ते थंड झालं. गाडी मात्र थांबली नाही, उताराला लागली.

"मिस्त्री, इंजिन बंद पडलं!"

"व्हय, अण्णा."

"ब्रेक कसे आहेत रे?"

मिस्त्री त्यांच्याकडे वळला. "आपण तर पाच म्हैनं इंजनाचं बोलत हुतो. ब्रेकचं कोण इचारलं?"

पुढचा घाट मी डोळे मिटून उतरलो. आप्पा माझा हात धरून एकाच देवाचं नाव पुटपुटत होते आणि पहिल्यांदाच त्यांचं एक मत होतं. अण्णा हॉर्न वाजवत होते. हॉर्न खरंच बेस होता! डोळे उघडून एकदा आक्कांकडे पाहिलं, तर त्या ताठ बसल्या होत्या, नजर समोर निपाणीवर, आणि गालावरून पाणी वाहत होतं.

बाळूचं घर आणि वखार गावाच्या अलीकडेच, उतार संपतो तिथं. लॉरीच्या इंजिनाचं सगळं वजन नाकावर घेऊन गाडी वळली, रंगीत शिंगांच्या बैलांपुढून गेली आणि मांडवाच्या पहिल्या खांबाला हातभर अंतर ठेवून आपोआप थांबली. इंजिनाचा एवढासाही आवाज नाही.

बाळू तोंड उघडं टाकून बघत होता. सुमन हळदीच्या अंगानं धावत आली. भाकरतुकडा आक्कांवरून ओवाळून टाकला, आणि थोडा गाडीवरूनही.

"दाजी," बाळू बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "काय आवाज न्हाय, काय धूर न्हाय! कुठलं इंजन घातलासा हो? पेट्रोल किती खातंय?"

अण्णांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीनं आप्पांकडे, आप्पांनी माझ्याकडे.

आक्कांनी सुमनचा हात धरला, उंबरा ओलांडला आणि मागं न बघता म्हणाल्या,

"तवंदीपासनं इथवर थेंबबी लागला न्हाय, बाळू!"