बंद दारांचा खेळ

वैशाखातल्या दुपारी बंद हॉलला एक वास येतो: तापलेल्या पत्र्याचा, ओल्या टॉवेलांचा, घाम पिऊन आंबटलेल्या रॅकेटच्या मुठींचा, आणि त्यावर कुणाच्या तरी डब्यातल्या कैरीची एक बारीक रेघ. मांजलपूरच्या अशाच एका हॉलमध्ये मी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. छताला पंखे होते, पण बंद. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, दाराला आतून कडी. बॅडमिंटनचे पिसांचे शटल इतके हलके, की साधी झुळूकही त्याला वाट चुकवते. म्हणून बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, माणसे स्वतःला अशी कोंडून घेतात आणि त्याला खेळ म्हणतात.

आमच्या कारेलीबागेतल्या घरात उन्हाळा लागला की जेवताना एकच वाद रंगतो: कोणता खेळ माणसाला सर्वांत जास्त पिळून काढतो? नवरा कॉलेजात क्रिकेट खेळलेला. दिवसभर टोपीखाली भाजत, येईल न येईल अशा चेंडूची वाट पाहत उभे राहण्याला तोड नाही, असे त्याचे ठाम मत. मी खो-खोवाली. मी त्याला चिडवते, की तुमचा निम्मा वेळ तंबूच्या सावलीत सरबत पिण्यात जातो. आम्ही तापलेल्या मातीत उकिडव्या बसायचो, तळव्यांना चटके बसायचे, आणि पाठीवर खो पडेपर्यंत हलायचीही सोय नसायची. पोहणे मात्र कपटी, यावर आमचे एकमत आहे: पाण्यात घाम कळतच नाही, आणि काठावर आल्यावर गुडघ्यांतले बळ गेलेले असते. तरी मैदानाला एक दिलासा होता. कडुनिंबाच्या मोहराचा वास घेऊन कुठूनसा वारा यायचा आणि, उष्ण का असेना, अंगावरचा घाम वाळवून जायचा.

या वादात बॅडमिंटनला कुणी धरतच नसे. तो तर सावलीतला खेळ. गार्गीला, आमच्या लेकीला, आम्ही तो लावला तोच मुळी ती उन्हात रापू नये म्हणून. सासूबाईंनी तसे स्पष्टच सांगितले होते, आणि मीही मान डोलावली होती.

त्या दुपारी सोळा वर्षांची गार्गी तिसरा, निर्णायक गेम खेळत होती. जिंकली तर राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड होणार होती. पहिल्या दोन गेममध्ये ती दर गुणानंतर कपाळ पुसत होती, तळहात स्कर्टला घासत होती. आता ती पुसेनाशी झाली. मला आधी बरे वाटले, मग मी नीट निरखून पाहिले. तिचा चेहरा लालबुंद होता, आणि कोरडा. मैदानावर अशी कोरडी पडलेली मुलगी मी एकदा पाहिली होती. तिला उचलून न्यावे लागले होते. पण सामना चालू असताना पालकाने तोंड उघडायचे नाही, अशी तिथली सक्त ताकीद. थांबायचे तर खेळाडूनेच हात वर करायचा. शेजारी बसलेल्या तिच्या सरांच्या कानात मी कुजबुजले. "बेन, बेसो ने," कोर्टावरची नजर न काढता ते म्हणाले, "छोकरी रमी लेशे." बसा, पोरगी खेळून नेईल.

मी बसले. ओरडले, तर सामना तिच्या हातून जाणार आणि ती मला कधी माफ करणार नाही. गप्प राहिले, तर काय होईल ते मनातसुद्धा पुरते उच्चारवेना. हवा अंगाला चिकटून बसली होती. आम्हीच तिला उन्हातून उचलून या पत्र्याच्या पेटीत आणून ठेवले, एवढेच सारखे वाटत राहिले. नेटपाशी पडलेले शटल उचलायला गार्गी वाकली, आणि क्षणभर वाकलेलीच राहिली. मी उठले, दाराशी गेले आणि कडी काढून दार सताड उघडले.

लू भसकन आत घुसली. सगळ्या कोर्टांवरची शटले भरकटली. "अरे, बारणुं बंध करो!" कुणीतरी खेकसले. पंचांनी हात वर करून खेळ थांबवला, आणि तेवढ्यात सरांनाही तिचा चेहरा दिसला असावा. परवानगी मागत ते ओला टॉवेल आणि मीठ-साखरेचे पाणी घेऊन धावले. गार्गी घोट घोट पाणी प्यायली. तो भाजणारा वारा तिच्या ओल्या मानेवरून फिरला आणि हळूहळू तिच्या कपाळावर, वरच्या ओठावर बारीक थेंब उगवले. घाम इतका सुंदर दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

आता ती माझ्याकडे येईल, निदान रागावेल तरी, असे मला वाटले. तिने फक्त मान वळवली.

"आई, दार बंद कर ना. शटल हलतंय."

आवाजात राग नव्हता, विनवणीही नव्हती. गॅस बारीक कर म्हणावे, तितक्या सहज ती म्हणाली. त्या सहजपणाने मी उन्हापेक्षा जास्त घाबरले. इतका वेळ मी तिला सोडवायला धडपडत होते, आणि तिथे तिला कुणी कोंडलेलेच नव्हते. मी दार ओढून घेतले, कडी घातली आणि आतच उभी राहिले.