ॲप हिरवं, मासे लाल

"मॅडम, ॲपवर तर सगळं हिरवं आहे," निखिल मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला. त्याच्यामागे टबमध्ये मेलेल्या चिलापी माशांचा ढीग होता. त्या ढिगाबद्दल ॲपचं काही म्हणणं नव्हतं.

मी मत्स्यरोगतज्ज्ञ. असं सांगितलं की लोक "म्हणजे काय?" विचारतात, म्हणून माशांची डॉक्टर. हिंजवडीशेजारच्या माण गावातल्या या फार्मवर जागा विलासरावांची होती आणि आयडिया त्यांच्या भाच्याची, म्हणजे निखिलची. तो तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीच्या गोल टाक्या, हवेचे पंप, प्रत्येक टाकीत सेन्सर. रविवारी उद्घाटन होतं. मांडववाला येऊन मापं घेऊन गेला होता.

मी एक मासा उचलला. अंगावर लाल चट्टे, पर कुरतडल्यासारखे, पोट फुगलेलं. एरोमोनास नावाच्या जंतूची शंका आली. लॅबने पुढे तीच खरी ठरवली.

"हा जंतू पाण्यात कायम असतो," मी सांगितलं. "धडधाकट माशाला सहसा काही करत नाही. मासा दमला, गुदमरला की आत शिरतो. आम्ही त्याला संधिसाधू म्हणतो."

"व्हय व्हय," विलासराव म्हणाले. "अशी लई वळखीची हायेत माझ्या."

सेन्सर हवेच्या बुडबुड्यांना चिकटूनच टांगला होता. तिथे ऑक्सिजन उत्तमच दिसणार. मी तो टाकीच्या पलीकडच्या कडेला धरला. निखिलचा मोबाइल लाल होऊन बोंबलायला लागला. त्याने पटकन काहीतरी दाबलं. आवाज बंद.

"काय केलंस?"

"अलर्टची लिमिट खाली आणली."

टाकीत जाळं बुडवायलाही जागा नव्हती. मी विचारलं, इतके मासे कशाला?

"कपॅसिटी युटिलायझेशन, मॅडम."

मी म्हटलं, आज खाद्य बंद करा, थोडं पाणी बदला आणि निम्मे मासे दुसऱ्या टाक्यांत हलवा. त्यांच्याकडे रिकाम्या टाक्या होत्या. पण त्यांवर फुलांची सजावट व्हायची होती.

"रविवारी पावनं काय पानी बघाया येनारेत?" विलासराव वैतागले. "तुमी आपलं औषध लिवून द्या."

"रिपोर्टशिवाय नाही. आणि पाण्यात तर ओतूच नका. या टाक्यांत चांगले जंतूही असतात. माशांची घाण तेच खातात. औषधाला चांगला-वाईट कळत नाही."

दोघांनी मान हलवली. मी निघाले. माझी गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतानाच त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुचवलेलं अँटिबायोटिक टाक्यांत ओतलं.

चांगले जंतू आधी मेले. घाण साचली, पाण्यात अमोनिया वाढला, आणि मासे भराभर उलटे व्हायला लागले. मला निखिलचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. जाऊन बघते तर विलासराव गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतः मेलेले मासे काढत होते. निखिल टब वाहत होता. मोबाइल कुठे ठेवला होता कोण जाणे. रागवायचं ठरवून गेले होते, जमलं नाही. मीही जाळं घेतलं.

पाणी बदललं, पंप वाढवले. उद्घाटन पुढे ढकललं. पाहुण्यांना कारण सांगितलं, टेक्निकल. निम्म्याहून जास्त मासे गेले. उरलेल्यांना ऐसपैस जागा मिळाली आणि ते हळूहळू सुधारले. मी कमी करायला सांगितलेली गर्दी शेवटी जंतूंनी आणि त्या औषधाने मिळून कमी केली, तीही माझ्यापेक्षा चोख.

पुढे उद्घाटन थाटात झालं. विलासरावांनी माझा सत्कार केला आणि माइकवर सांगितलं, "मॅडमनी लई धावपळ केली, पर खरा गुन आला त्यो औषधाचाच!" टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या दोघांनी औषधाचं नाव लिहून घेतलं.

हल्ली कोणी फोनवर औषध विचारलं, की टाकीत मासे किती, एवढंच मी आधी विचारते. बहुतेकांची रेंज तिथेच जाते.