दीडनंतर चालणारी तार

माझ्या घरात कुठली तार यावी यावर आमच्या सोसायटीत मतदान झालं होतं. माझं मत सोडून सगळ्यांची मतं मोजली गेली. हे सांगितलं की हल्लीची मुलं हसतात, त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. मी लावत नाही. उलट त्या दिवशी सेक्रेटरी जे जे बोलले त्यातलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गोष्ट नालासोपाऱ्याच्या आचोळ्यातली, दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करायचा. दिवसभर घरात मी, दोन वर्षांची मुलगी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचे. तिकडे डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचा अहवाल तोंडी रेकॉर्ड करून ठेवत. ते रेकॉर्डिंग सकाळी आमच्याकडे येई. मग कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, आणि एकेक वाक्य पुढेमागे करत मी ते उतरवून काढे. कंपनी मरोळला होती. मुलगी झाल्यावर त्यांनी मला घरून काम द्यायचं कबूल केलं, पण आधी तीन महिने पारखून घेणार होते. फाइल दुपारी तीनच्या आत परत गेली पाहिजे. तीन फायली उशिरा गेल्या तर नोकरी संपली.

मला ती नोकरी हवी होती. दोन पगारांशिवाय घराचा हप्ता निघत नव्हता हे खरं. पण अनोळखी माणसांची हृदयं, गुडघे, मूत्रपिंडं कानातून आत घेऊन बोटांतून बिनचूक उतरवायला मला फार आवडायचं, हे त्याहून खरं. त्या टेबलाशी बसले की मी कुणाची सून नसायचे आणि कुणाची आईही नसायचे.

आता इंटरनेटचं. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. मांडव, खुर्च्या आणि जेवण हे सगळं केबलवाल्याकडून यायचं. त्याच्या बदल्यात गच्ची त्याची. तो वाटेल तिथून वाटेल ती तार ओढणार आणि दुसऱ्या कुणाची तार इमारतीला शिवणार नाही, असा अलिखित करार. त्या वर्षी पूजेला त्याने जाहीर केलं की आता फायबर आणतोय. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी तर माइक हातात घेऊन सांगितलं, "फायबर म्हणजे काचेची तार. त्यातून उजेड धावतो. नालासोपाऱ्यात आपण पहिले!" हे सेक्रेटरी बँकेतून लवकर निवृत्त झालेले. वेळ भरपूर आणि शिक्का हातात.

मीही टाळ्या वाजवल्या. लगेच जोडणी घेतली. एक राउटर घेतला, त्याच्या पाठीमागे बाहेरची तार घेणारं एकच भोक होतं, त्यात गच्चीवरून आलेली निळी तार खुपसली. ती निळी तार बघून माझे सासरे हसले.

सासरे टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून जमिनीखालच्या केबलींच्या शेकडो तारा रंगावरून ओळखून जोडायच्या, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. बोलायचे थोडं. निळी तार दोन बोटांत फिरवून म्हणाले, "सूनबाई, ही काच नाही. हे तांबंच आहे."

खरंच तसं होतं. फायबर रस्त्यापलीकडच्या इमारतीपर्यंत येऊन थांबली होती. तिथे एका डब्यात उजेडाची पुन्हा वीज व्हायची आणि पुढे गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना बांधून साधी निळी तार सगळीकडे गेली होती. तो डबा आमच्या इमारतीत बसणार होता. पण डब्याला वीज लागते. केबलवाल्याने जिन्याच्या मीटरवरून वीज मागितल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या जिन्याचे दिवे तुमच्या धंद्यासाठी नाहीत." मोठ्या अभिमानाने सांगायचे ते हे. एका झिरोच्या दिव्याएवढी वीज वाचवली त्यांनी. डबा पलीकडे गेला.

त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग काय होतं ते वसई-विरारकरांना सांगायला नको. आमच्या बाजूची लाइट सकाळी दहाला जायची, दीडला यायची. रस्त्यापलीकडची दीडला जायची, ती पाचला यायची. म्हणजे आमच्याकडे अंधार असताना मी इन्व्हर्टरवर काम करायचे, आणि आमची लाइट आली की पलीकडचा डबा मरायचा. डोक्यावर पंखा फिरतोय, कॉम्प्युटर चालू आहे, फाइल तयार आहे, आणि ती जायला रस्ताच नाही! केबलवाल्याला सांगितलं, डब्याला बॅटरी लाव. तो म्हणाला, "लावतो ना मॅडम." होळी झाली तरी तो लावतच होता. तेवढ्यात माझी एक फाइल उशिरा गेली, पंधरा दिवसांनी दुसरी.

दुसरी गेली त्या दिवशी मी रडले नाही, भांडी घासली. इतक्या जोरात की मुलगी उठून बसली. तेवढ्यात फोन वाजला. साधा, काळा, घरातला जुना फोन. सासऱ्यांच्या नावावरचा, निवृत्त कर्मचारी म्हणून मिळालेला. कुणीतरी राँग नंबर होता. रिसीव्हर ठेवता ठेवता मला जाणवलं की रस्त्यापलीकडे लाइट नाही, आणि काल सकाळी आमच्याकडे लाइट नव्हती तेव्हाही हा वाजला होता.

"बाबा, लाइट नसताना फोन कसा चालतो?"

"त्याला आपली लाइट लागतच नाही," सासरे म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या आहेत, ह्या कपाटाएवढ्या. तिथून वीज तांब्यातूनच येते. पूर आला तरी चालू ठेवायच्या, असा नियम."

त्याच आठवड्यात मी त्या फोनवर ब्रॉडबँडचा अर्ज केला. मोडेम आला. गच्चीवरच्या त्या निळ्या तारेपेक्षा वेग निम्मादेखील नव्हता. पण राउटरच्या त्या एका भोकातून निळी तार काढून मी मोडेमची तार लावली, आणि दुपारी दोनला फाइल गेली. दुसऱ्या दिवशी दोनला गेली. तिसऱ्या दिवशी तर मी दोनला फाइल पाठवून मुलीला घेऊन चक्क झोपले.

आणि मग सोसायटीचं रंगकाम निघालं.

ठराव असा होता की रंग लावण्याआधी भिंतीवर लोंबणाऱ्या सगळ्या तारा कापून टाकायच्या, फक्त केबलवाल्याची राहील, तीही पाइपातून. टेलिफोनच्या तारा बहुतेकांना नकोच होत्या, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. चालू फोन आमचा एकट्याचा. सभा रविवारी खाली पार्किंगमध्ये होती. नवरा दुसऱ्या पाळीला, म्हणून मी गेले आणि उभी राहिले.

"काका, आमची तार कापू नका. माझं काम त्यावर चालतं."

"वहिनी, फायबर असताना तांबं कशाला धरून बसलात? आता लोक हंडे-कळश्यासुद्धा स्टीलचे घेतात."

"तुमची फायबर दुपारी दीडला झोपते. माझं तांबं जागं असतं."

दोन-तीन जण हसले. सेक्रेटरींना ते लागलं असावं. त्यांनी समोरची वही उघडली, नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही सभासद नाही ना पण. फ्लॅट भाऊंच्या नावावर आहे. सभेत सभासदच बोलतात. बसा." आणि मग, "चहा सांगितलाय, चहा घेऊन जा."

हात वर झाले. ठराव मंजूर. चहा मी घेतला नाही.

घरी येऊन मी जे तोंड सोडलं ते सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. ह्याच लोकांत राहायचंय आपल्याला. खांदा द्यायला हेच येणार."

"बाबा, तार तुमची आहे!"

"तार खात्याची. मी फक्त जोडायचो."

मला त्यांचाही राग आला. खूप आला. पस्तीस वर्षं खड्ड्यात बसलेला माणूस, आणि स्वतःच्या गॅलरीतल्या तारेसाठी तोंड उघडत नाही! त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

सोमवारी परांची उभी राहिली. मंगळवारी रंगारी आमच्या बाजूला आला. दीड वाजून गेला होता, पलीकडचा डबा मेला होता. माझ्याकडे हृदयाच्या ऑपरेशनची लांबलचक फाइल होती, जेमतेम पाऊण झालेली. अशात गॅलरीत बांबू हलले. मी कॉम्प्युटर सोडून उठले, गॅलरीत गेले आणि तार भिंतीवरून जिथे आत वळत होती तिथे तिच्यावर हात ठेवून उभी राहिले.

रंगारी जवळच्या जूचंद्र गावचा, पन्नाशीचा माणूस. हातात पक्कड. माझ्याकडे बघून थबकला.

"बाई, हात काढा. सायबांनी सगल्या तारा कापायला सांगल्यान."

"ही कापायची नाही."

"मना कोनाशी भांडन नाय करायचा, बाई. ते सांगतान, मी करतो."

"मग त्यांना सांगा, बाई हात काढत नाही. माझ्या बोटांवरून पक्कड चालवणार असाल तर चालवा."

मी हे म्हणाले खरी, पण आत घड्याळ चालू होतं. मी इथे उभी राहिले तर फाइल पुरी होत नाही, आणि फाइलीकडे गेले तर तार जाते. दोन्हीकडून माझंच मरण होतं. रंगारीही बिचारा बांबूला धरून उभाच. खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "काय झालं? काप की!"

आणि मागून सासरे आले. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, हातात त्यांची जुनी कापडी पिशवी. निवृत्त झाल्यापासून ती कपाटावर पडून होती. त्यांनी पिशवी गॅलरीच्या कठड्यावर ठेवली, त्यातून पक्कड काढली, चाकू काढला, एक चिकटपट्टी काढली, आणि सगळं ओळीने मांडलं. मग स्टूल ओढून त्यावर बसले.

"सूनबाई, तू आत जा. तुझं काम कर."

"पण बाबा..."

"जा म्हणतो ना." मग रंगाऱ्याला म्हणाले, "तू काप. तुझी काही चूक नाही. तू कापलीस की मी जोडणार. दोन मिनिटं लागतात मला. परत कापलीस तर परत जोडणार. मला संध्याकाळपर्यंत दुसरं काही काम नाही." आणि कठड्यावरून खाली वाकून, ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता तो माणूस सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडला, "ऐकलंत का सेक्रेटरी? पस्तीस वर्षं जोडल्यात! तुमचे कापणारे दमतील!"

रंगारी हसायलाच लागला. म्हणाला, "म्हातारबा, मना रंग लावायचा हाय," आणि पक्कड कमरेला खोचून पुढच्या खिडकीकडे सरकला. मी आत पळाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कानात डॉक्टर झडपेबद्दल सांगत होता. दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी फाइल गेली. ती गेल्याची खूण आली तेव्हा मी गॅलरीकडे बघून मान हलवली. सासरे स्टुलावरच होते. त्यांनी विचारलं, "माणूस वाचला का?"

"कोण, बाबा?"

"ज्याचं ऑपरेशन होतं तो."

"वाचला."

"बरं," म्हणाले आणि सामान पिशवीत भरायला लागले.

तीन महिने पुरे झाल्यावर कंपनीचं पत्र आलं, मी कायम झाले. पुढे बारा वर्षं ते काम केलं. मधल्या काळात खरी फायबर, थेट घरातल्या भिंतीपर्यंत येणारी, मीच बोलावली. कुणाला विचारलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी सेक्रेटरी जिना चढून आमच्या दाराशी आले होते. हातात ठरावाची वही. सासरे पुढे व्हायला लागले, मी त्यांना थांबवलं आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिले.

"भाऊ आहेत का घरात?"

"कामावर आहेत. माझ्याशी बोला."

"वहिनी, सभेचा ठराव आहे हा. सगळ्यांनी हात वर केलेत. तुमच्या एकटीसाठी तो मोडायचा का?"

"मोडू नका," मी म्हणाले. "ठराव तुमच्या वहीत राहू द्या. तार माझ्या गॅलरीत राहील."

त्यांनी वही मिटून काखेत मारली. मी दार लावून घेतलं नाही. ते वळून तिन्ही जिने उतरून जाईपर्यंत मी तिथेच, उघड्या दारात उभी होते.