जमिनीवरून उठणं

घाटकोपरच्या डोंगरावरची खोली सोडून आम्ही सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सगळ्यात खूश सासूबाई होत्या. नळ घरात, लिफ्ट दारात. डोंगरावर त्यांनी जन्मभर पायऱ्यांवरून पाण्याचे हंडे वाहिले होते. "आता बसान खातंय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या.

आणि खरंच बसल्या. हळूहळू गुडघे आखडले, खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागू लागले. मग त्यांनी भजन सोडलं. इमारतीतल्या बायका दर सोमवारी सोसायटीच्या ऑफिसात सतरंजीवर बसून भजन करतात. शेवटच्या खेपेला सासूबाईंना दोघींनी काखेत हात घालून उठवलं होतं. हसलं कुणी नाही, पण त्या पुन्हा गेल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "घसो बसलो."

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी भराभर चाला. नवऱ्याने त्याच संध्याकाळी बूट आणले. "गार्डनमध्ये जात जा ना आई, झकास आहे." गार्डनला जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, कंपाउंड बाइकनी भरलेलं. तरी एका सकाळी त्या साडीवर बूट घालून निघाल्या आणि लिफ्टपासूनच परत आल्या.

"लोक इचारतत, खंय चललंस. काय सांगू? बिनकामाचा फिरूक माका लाज वाटता गो."

शेवटी मी त्यांना एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पंचविशीतली मुलगी. तिने गुडघा तपासला, मग घर कसं आहे, दिवसभर काय करता, हे निवांत विचारलं. आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग खालमानेने म्हणाल्या, "माका भजनाक खाली बसूक व्हया. आणि कोणी ओढल्याशिवाय उठूक व्हया."

घशाला काही झालेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"मग भराभर चालणं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी मांड्यांत ताकद आणि अंगात तोल." उंच खुर्चीतून हात न टेकता उठायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. चालायचं ते आपल्याच मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, भिंतीला हात लागेल असं. ते जमलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग पाट.

हे सांगून झाल्यावर तिने मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"मी? मला कशाला? रोज सांताक्रूझला नोकरीला जाते, चालणं खूप होतं."

"पाळी चालू आहे?"

"थांबली, गेल्या वर्षी."

"मग नुसतं चालून भागणार नाही. हाडांसाठी तुम्ही वजन उचलायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात दोघींचा वेगवेगळा व्यायाम सुरू झाला. त्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, मी पाण्याने भरलेल्या बाटल्या. माझे हात जरा खाली आले की ओरडायच्या, "वर घे गो! जेवूक नाय घातलंय तुका?"

एकदा बाटल्या उचलताना माझा खांदा आखडला. त्यांनी मला पाटावर बसवलं, खोबरेल तेल कोमट केलं आणि चोळायला लागल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "पाळी थांबली ता माका सांगूक नाय तू."

"सांगण्यासारखं काय त्यात, आई?"

"माका पण कोणी इचारूक नाय हुता. रात रात अंग पेटायचा." त्यांचा हात तेवढ्यापुरता थांबला. पुढे कितीतरी वेळ त्या चोळत राहिल्या, दुखायचं थांबलं तरी. मीही सांगितलं नाही.

स्टुलावरून पाटावर यायला त्यांना अख्खा पावसाळा लागला. गणपती झाल्यावर एका सोमवारी त्या आपणहून भजनाला निघाल्या. मी शेजारी बसले. आरती झाली, बायका उठू लागल्या. सासूबाई आधी एका अंगाला वळल्या, एक गुडघा रोवला, त्यावर हात दाबला. शेजारणीने हात पुढे केला. "रव," म्हणत त्यांनी तिला थांबवलं आणि आपल्या आपण उठल्या. धाप लागली होती, पदर घसरला होता. तो मी सारखा केला.

आमच्या मजल्यावरची एक बाई लगेच म्हणाली, "मावशी, मलापण शिकवा ना हा व्यायाम."

सासूबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "तुझा वय काय, माझा काय! तुका येगळो लागतलो. आधी त्या पोरीकडे जाऊन ये."

लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड धरला होता. आधाराची तशी गरज नव्हती.