लक्ष्मम्माची चंची

"चिमूटभर गालात धरा, तहान गप बसती," बहात्तरच्या दुष्काळात लक्ष्मम्मा म्हणाली होती.

लातूरकडच्या मुरुडजवळ रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या. पाण्याचा टँकर दुपार कलल्याशिवाय येत नसे. लक्ष्मम्माच्या कमरेला कापडी चंची असायची. तीत तंबाखू, चुन्याची डबी, सुपारीचं खांड. समोर तळहात आला की नाही म्हणायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. धाकटी जाऊ शांतम्मा नवी नवरी होती. पहिल्या चिमटीला तिला भोवळ आली.

"गिळती कशाला गं, थुंक," लक्ष्मम्मा म्हणाली.

"आता झाली कामाची," बाकीच्या हसल्या.

पुढं पाऊस आला. तहान गेली, चिमूट राहिली.

दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास शांतम्माच्या गालात आतून पांढरा डाग उठला, चटणी झोंबू लागली. "मिश्री दाब, जखम वाळती," लक्ष्मम्मानं सांगितलं. शांतम्मानं दोन वर्षं ती जाळलेली तंबाखू त्याच जागी दाबली. मग जबडा आखडला. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली.

खडीच्या कामावरच्या दोघी त्याआधी तोंडाच्या जखमेनंच गेल्या होत्या. तेव्हापासून बाजारात लक्ष्मम्मा माणसांचे चेहरे बघत नसे, बायकांचे गाल बघे. फुगलेला गाल दिसला की आपण हिला कधी दिली होती का, ते आठवत उभी राही.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आ करा. अजून."

"एवढंच उघडतंय, साहेब."

त्यांचं एकच बोट आत गेलं. "गाठ आहे. मुंबईला न्या. फार उशीर केलात." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तंबाखू कुणी लावली?"

लक्ष्मम्मानं चंचीवर पदर ओढला.

"दुष्काळानं," शांतम्मा म्हणाली. जावेकडं तिनं बघितलंही नाही.

डॉक्टर चिठ्ठीवर शिक्का मारायला शेजारच्या खोलीत गेले. शांतम्माचा गाल ठणकत होता. तिनं सवयीनं तळहात पुढं केला.

"अक्का, दे की जरा. आग होतीय."

लक्ष्मम्माचा हात कमरेशी गेला. चंचीची गाठ सुटायला वेळ लागला. पुढं आलेल्या तळहातावर बारा वर्षांपूर्वीच्या खडीचे वण अजून होते.

तिनं चंची डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. तळहात तसाच रिकामा राहिला. पदर सावरून लक्ष्मम्मा बाहेर पडली.